ताण आणि बहार : झाडास दुष्काळ कसा कळतो ?

डाळिंब, संत्रें, मोसंबी किंवा पेरू यांच्या बागा ज्यांच्याकडे आहेत त्यांस बहार धरणें म्हणजे काय हें सांगण्याचें कारण नाहीं. पाणी तोडावें, बाग सुकूं द्यावी, पानें पिवळीं पडून गळूं लागलीं म्हणजे आळीं खणून खत भरावें आणि पाणी सोडावें. मग नव्या पालवीबरोबर झाड फुलांनीं भरून निघतें. ही रीत आमच्या बागाईतदारांनीं प्रयोगशाळांच्या कितीतरी आधीं, पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवानें बसविली. परंतु पाणी तोडलें असतां झाडाच्या आंत नेमकें काय घडतें, मुळांस लागलेली कोरड शेंड्यास कशी कळते, आणि ती कळल्यावर झाड नुसतें सुकत न बसतां फुलण्याची तयारी कां करितें, या प्रश्नांचीं उत्तरें गेल्या साठ-सत्तर वर्षांत पुष्कळ अंशीं हातीं आलीं आहेत. तीं आमच्या वाचकांपुढें मांडण्याचा विचार आहे. ताण फसला म्हणजे वर्षाचें उत्पन्न गेलें. आणि तो कां फसतो हें ज्यास समजलें आहे त्याच्यावर ती पाळी कमी वेळां येईल, असें आम्हांस वाटतें. सर्व बागांचा विचार एका लेखांत होणें नाहीं, यास्तव येथें मुख्यतः डाळिंबच घेतलें आहे.

डाळिंब हें मूळचें आमच्या हवेचें झाड नव्हे. इराण व त्याच्या आसपासचा प्रदेश हें त्याचें माहेर. तेथें व कंदाहाराकडे हिवाळा कडक पडतो. थंडीनें पानें झडतात, झाड कांहीं महिने निजतें आणि वसंतांत पुन्हां जागें होऊन फुलतें. तेथील बागवानास बहार धरावा लागत नाहीं. तो थंडीच धरून देते. दख्खनच्या पठारावर तशी थंडी नाहीं. येथें हेंच झाड बारा महिने हिरवें राहतें व मनास येईल तेव्हां थोडें थोडें फुलत असतें. एका फांदीवर कळी, दुसरीवर लिंबाएवढें फळ, तिसरीवर पिकलेलें फळ, ही स्थिति परसांतील झाडास शोभते. बाजारासाठीं लावलेल्या बागेस ती परवडत नाहीं. जो विसांवा तेथें थंडी देते तो येथें आम्हीं कोरडीनें द्यावयाचा, हें बहार धरण्याचें मर्म होय. जानेवारी-फेब्रुवारींत आंब्याच्या मोहोराबरोबर फुलतो तो आंबे बहार, जून-जुलैंत मृगाच्या पावसाबरोबर येतो तो मृग बहार, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरांत हस्ताच्या सुमारास येतो तो हस्त बहार. पुरंदरकडे अंजिराचे खट्टा व मीठा असे दोन बहार मानितात. पण अंजिराची हकीकत वेगळी, ती पुन्हां केव्हांतरी.

डाळिंबाच्या कामीं पुणें शहराचा हात मोठा आहे, हेंहि जातां जातां सांगितलें पाहिजे. गणेशखिंडीच्या बागेंत डॉ. जी. एस. चीमा यांनीं १९३६ सालीं आळंदीच्या डाळिंबांतून मऊ बियांचें एक झाड निवडून काढिलें. तें प्रथम जी. बी. जी. १ या नांवानें ओळखलें जाई. १९७० सालीं त्यास ‘गणेश’ हें नांव मिळालें. पुढें राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठानें गणेश व गुल-ए-शाह रेड या लाल रशियन जातीचा संकर केला व त्याच्या संततींतून ‘भगवा’ निघाला. आज महाराष्ट्रांत भगव्याच्याच बागा जास्त दिसतात. भगव्याचें फळ फुलापासून पक्व होण्यास सुमारें सहा महिने घेतें, म्हणजे गणेशाहून अधिक. बहाराचा हिशेब करितांना ही गोष्ट महत्त्वाची आहे, व ती पुढें येईल.

आतां मुळांकडे वळूं. मूळ म्हणजे पाणी ओढणारें नुसतें नळकांडें, ही समजूत टाकून दिली पाहिजे. चार्ल्स डार्विन यानें १८८० सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत मुळाच्या टोंकास स्पर्श, ओल व खालची-वरची दिशा कळते हें प्रयोगांनीं दाखविलें होतें. त्यानंतर फार वर्षांनीं, २०१४ सालीं, असें दिसून आलें कीं, एकाच मुळाची एक बाजू ओलीस व दुसरी हवेस लागलेली असेल तर उपमुळें ओल्या बाजूनेंच फुटतात. ठिबकाच्या बागेंत मुळ्यांचें जाळें तोटीखालच्या ओल्या गोळ्यांतच कां दाटतें हें यावरून उमगेल. आणि अशा बागेचें पाणी बंद केलें म्हणजे, जमीन हलकी असल्यास, ताण इतका झपाट्यानें कां बसतो हेंहि उमगेल. मोकाट पाण्यावर वाढलेल्या जुन्या बागेस दूरवर व खोल पसरलेल्या मुळ्यांचा आधार असतो. ठिबकावरील झाडाचा सर्व संसार त्या एका गोळ्यांत.

मुळास कोरड कळते खरी, पण ती पानास कशी कळते ? पूर्वीचें उत्तर सोपें होतें : पाणी कमी आलें कीं पान सुकतें, सुकलें कीं त्यास कळतें. हें उत्तर अपुरें आहे असें ज्या प्रयोगांनीं सिद्ध झालें ते मोठे मौजेचे आहेत. एकाच रोपाचीं मुळें विभागून दोन कुंड्यांत लावावयाचीं. एका कुंडीस नित्य पाणी द्यावयाचें, दुसरी सुकूं द्यावयाची. ओल्या कुंडींतील मुळें पानांस पुरेसें पाणी पोंचवितात, पानें टवटवीत असतात. तरीहि पानांवरील सूक्ष्म रंध्रें मिटूं लागतात व नव्या पानांची वाढ मंदावते. म्हणजे पान स्वतः तहानलेलें नसतांहि त्यास मुळांकडून दुष्काळाची वार्ता पोंचलेली असते. इंग्लंडांत १९९० च्या सुमारास सफरचंदाच्या रोपांवर हाच प्रयोग करून पुढें सुक्या कुंडींतील मुळें कापून टाकण्यांत आलीं, तेव्हां पानांची थांबलेली वाढ पुन्हां सुरू झाली. मुळें कमी झालीं, म्हणजे पाणी ओढण्याचें साधन घटलें, तरी वाढ वाढली ! वार्ता देणारेंच गेल्यामुळें ओरड थांबली, याखेरीज याचा दुसरा अर्थ लागत नाहीं.

ही वार्ता नेणारा जासूद कोण, यावर शास्त्रज्ञांत बराच वाद आहे. १९६० नंतरच्या दशकांत कॅलिफोर्नियांत कपाशीच्या कोवळ्या बोंडांतून एक द्रव्य वेगळें काढण्यांत आलें. त्यास पुढें अॅब्सिसिक अॅसिड असें नांव पडलें. झाडावर ताण आला कीं हें द्रव्य वाढतें, आणि तें पानांत पोंचतांच रंध्रांच्या दोन्ही बाजूंच्या रक्षक पेशी आपल्यांतील क्षार व पाणी सोडून देतात व रंध्र मिटतें. याला कांहीं मिनिटेंच पुरतात. सुकणारीं मुळें हेंच द्रव्य पाण्याबरोबर वर धाडितात असें बरीच वर्षें मानीत. पण ज्या टोमॅटोच्या मुळांस हें द्रव्य पुरेसें बनवितांच येत नाहीं अशा खुंटावर चांगल्या टोमॅटोचें कलम केलें, तरी माती सुकल्यावर पानांचीं रंध्रें मिटलींच. पुढें २०१८ सालीं जपानी संशोधकांनीं मोहरीच्या कुळांतील एका लहान रानरोपांत दाखविलें कीं, मुळें एक सूक्ष्म प्रथिनखंड वर पाठवितात व तो पोंचल्यावर पान आपल्यापुरतें अॅब्सिसिक अॅसिड स्वतःच तयार करितें. म्हणजे हुकूम खालून येतो, अंमलबजावणी वर होते. याशिवाय पाण्याच्या ओढीतील फरक हीहि एक वार्ताच आहे. झाडाच्या घरीं जासूद एक नसून अनेक आहेत, असें समजावें.

हें सर्व कळून बागाईतदारास काय उपयोग ? आमच्या मतें उपयोग फार मोठा आहे, आणि लेखांतील मुख्य गोष्ट हीच. दुष्काळाची वार्ता आल्यावर झाड सर्व व्यवहार एकदम बंद करीत नाहीं. तें क्रमानें बंद करितें. प्रथम थांबते ती शेंड्याची वाढ. पानांतील साखर बनविण्याचें काम त्यानंतरहि बरेच दिवस चालू असतें. जमा चालू व खर्च बंद, अशा या मधल्या काळांत ती साखर फांद्यांत व खोडांत साठत जाते. पुढच्या फुलांची व पहिल्या फळांची शिदोरी तीच. ताण आणखी वाढला म्हणजे रंध्रें दिवसभर मिटलेलीं राहतात, साखर बनणें बंद होतें आणि झाड साठविलेल्या शिदोरीवर जगूं लागतें. म्हणून ताण हळूहळू बसला तर हा जमेचा काळ लांबतो व झाड श्रीमंत होऊन फुलतें. ताण एकाएकीं बसला किंवा फार लांबला तर तें कंगाल होऊन फुलतें. अशा झाडावर फुलें येत नाहींत असें नाहीं, पुष्कळ येतात. पण डाळिंबास दोन प्रकारचीं फुलें असतात हें वाचकांनीं पाहिलेंच असेल : बुडाशीं निमुळतें, घंटेसारखें तें नर, बुडाशीं फुगीर, सुरईसारखें तें फळ धरणारें. अशक्त काडीवर घंटाच फार लागतात, आणि चार दिवस झाड लालभडक दिसून खालीं नुसता सडा पडतो.

यावरून पाणी एका दिवसांत तोडण्यापेक्षां दोन-तीन पाळ्या कमी करीत आणून मग तोडणें हितावह, विशेषतः ठिबकावर व मुरमाड जमिनींत. मुरमाड जमिनींत साधारण चार ते सहा आठवड्यांत ताण पुरा होतो. भारी काळ्या जमिनींत दोन महिनेहि पुरत नाहींत. तथापि दिवस मोजण्यापेक्षां झाड पाहणें बरें. शेंडे थांबले कीं नाहींत तें पहावें. जुनीं पानें पिवळीं पडूं लागतील. दुपारीं पानें मलूल झालीं तरी दुसऱ्या दिवशीं पहांटे तीं पुन्हां तरतरीत दिसलीं पाहिजेत. पहांटेसहि मान टाकलेली दिसली तर मर्यादा संपली. पंचांगांत बहाराची तिथि कोणतीहि असो, पाणी सोडावें. बारीक काड्या शेंड्याकडून वाळूं लागेपर्यंत जो थांबतो त्याची बाग पुढील दोन वर्षें त्याची आठवण ठेवते.

आणखी एक धोका आहे. हालांत सांपडलेल्या झाडाच्या अंगांतून, विशेषतः मुळांशीं पाणी तुंबून तीं गुदमरलीं असतां, मद्यार्काची वाफ निघते. माणसाच्या नाकास ती कळत नाहीं. पण खोडास टांचणीएवढीं भोकें पाडणारा जो बारीक भुंगेरा आहे त्यास ती दुरून कळते व तो नेमका त्याच झाडावर येऊन बसतो. झाडाची वार्ता शत्रूहि ऐकत असतो.

आतां पानगळीकडे येऊं. पान वाऱ्यानें तुटत नाहीं, झाड तें सोडून देतें. निरोगी पानाकडून देठावाटे एक द्रव्य सतत फांदीकडे वाहत असतें; तोंवर झाड पानास धरून असतें. पान म्हातारें झालें किंवा ताणानें थकलें म्हणजे हा प्रवाह आटतो. मग देठाच्या बुडाशीं असलेला पेशींचा एक पातळ थर एथिलीन नांवाच्या वायूच्या प्रभावानें विरघळूं लागतो आणि पान गळतें. हा वायु झाड स्वतःच तयार करितें. त्याचा शोध मोठा गमतीचा आहे. रशियाच्या सेंट पीटर्सबर्ग शहरांत दिव्यांच्या गॅसाच्या संसर्गानें वाटाण्याचीं रोपें आडवीं-तिडवीं वाढतात असें दिसलें, आणि त्या गॅसांतील एथिलीन हें त्याचें कारण असें नेल्यूबोव्ह नांवाच्या शास्त्रज्ञानें १९०१ सालीं दाखविलें. पिकणारें सफरचंद हा वायु स्वतः बाहेर टाकितें हें इंग्लंडांत १९३४ सालीं सिद्ध झालें. आमच्या घरांतून आंब्याची अढी लावितांना त्यांत एखादा पाडाचा आंबा ठेवीत व अढी गवतानें झांकून टाकीत, ती याच वायूची किमया होय. एक आंबा पिकला कीं तो शेजाऱ्यास पिकावयास सांगतो. आणि एक नासला कीं तेंहि सांगतो.

बाजारांत इथ्रेल या नांवानें जें औषध मिळतें व ज्याची पानगळीसाठीं फवारणी करितात तें झाडाच्या अंगांत गेल्यावर एथिलीनच सोडतें. म्हणजे झाड जी गोष्ट स्वतःशीं बोलत आहे तीच आपण त्यास मोठ्यानें ऐकवीत असतों. पण औषध ताणाची जागा घेऊं शकत नाहीं. ताण बसून पानें पिवळीं पडूं लागलेल्या झाडावर थोडक्या मात्रेनें काम होतें. हिरव्यागार, माजलेल्या झाडावर मात्रा वाढवून पानें गाळतां येतील. पण तीं साखर साठविण्यापूर्वींच गळालीं, हें औषधाच्या बाटलीवर कोठें लिहिलेलें नसतें. दुसरें असें कीं, हें द्रव्य आंबट पाण्यांतच टिकतें. खाऱ्या-चुनखडीच्या विहिरीच्या पाण्यांत तें मिसळून ठेविलें तर वायु टांकींतच निघून जाऊं लागतो. यास्तव पाण्याची परीक्षा करून, मिश्रण ताजें करून, लगेच फवारावें. उन्हाच्या कडाक्यांत त्याचा जोर वाढतो, हेंहि ध्यानांत असावें. मात्रेविषयीं सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राची शिफारस पहावी; शेजाऱ्याच्या सांगीवर जाऊं नये.

झाडें जाणतात व कळवितात असें आम्हीं येथवर लिहिलें, त्यावरून झाडांस मन आहे असें आमचें म्हणणें आहे असें कोणीं समजूं नये. जगदीशचंद्र बोस यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं लाजाळू व इतर वनस्पतींच्या अंगांतून विजेचे सूक्ष्म प्रवाह जातात हें आपण बनविलेल्या नाजुक यंत्रांनीं मोजून दाखविलें. त्या काळीं त्यांची पुष्कळ थट्टा झाली. विजेचे हे संदेश आहेत ही गोष्ट आज सर्वमान्य आहे. किडीनें एक पान कुरतडलें तर दूरच्या पानास थोड्याच वेळांत इशारा पोंचतो, हें २०१८ सालीं चमकणाऱ्या रंगद्रव्याच्या योगानें डोळ्यांस दिसेल असें दाखविण्यांत आलें. एका झाडाच्या जखमेच्या वासानें शेजारचें झाड सावध होतें, असेंहि १९८३ पासून कित्येक प्रयोगांत आढळलें आहे. पण झाडास मेंदू नाहीं, मज्जातंतु नाहींत. गाणें ऐकवून बहार धरतां येईल असें सांगणारा कोणी भेटल्यास त्यास आधीं स्वतःच्या बागेंत धरून दाखविण्यास सांगावें. झाडास जी भाषा येते ती ओल, ऊन, थंडी, स्पर्श, जखम आणि वास यांची. तेवढी आपणांस आली तरी पुरे.

आतां कोणता बहार धरावा हा प्रश्न राहिला. तेल्या रोगापूर्वीं त्याचें उत्तर पाण्यावर व भावावर ठरे. या शतकाच्या पहिल्या दशकांत तेल्यानें महाराष्ट्रांतील कितीतरी बागा उपटावयास लाविल्या, तेव्हांपासून तें मुख्यतः रोगावर ठरतें. हा रोग एका सूक्ष्म जंतूचा. उबदार व ओलसर हवेंत, पावसाच्या शिंतोड्यांनीं तो पानापानावर उडतो. मृग बहारांत फळें सर्व पावसाळाभर झाडावर असतात. विहिरीस पाणी कमी असणाऱ्यांचा हा आवडता बहार, आणि तेल्याचाहि. आंबे बहाराचा ताण डिसेंबरच्या कोरड्या थंडींत बिनबोभाट बसतो. परंतु उन्हाळाभर पाणी पाहिजे, व भगव्याच्या सहा महिन्यांच्या हिशेबानें फळ पिकतां पिकतां पाऊस गांठतो. हस्त बहाराचें फळ मात्र ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत कोरड्या हवेंत वाढतें, रोग कमी, भाव बरा. मग सर्वांनीं हस्तच कां धरूं नये ? कारण त्याचा ताण द्यावयाचा ऑगस्ट-सप्टेंबरांत, म्हणजे ऐन पावसांत. माणदेशांतील किंवा इंदापुराकडील उताराच्या मुरमाड रानांत पावसानें पंधरा-वीस दिवस ओढ दिली तरी मुळांस कोरड कळते. काळ्या खोल जमिनींत ती कळणेंच शक्य नाहीं. तेथें एक पाऊस महिनाभर मुळांस सुकाळाची वार्ता सांगत राहतो. अशा जमिनींत केवळ औषधाच्या बळावर हस्त बहार धरण्याच्या मागें लागूं नये असें आमचें स्पष्ट मत आहे.

अर्धा ताण बसल्यावर वळवाची किंवा परतीची सर आली म्हणजे झाडास दोन वार्ता एकदम पोंचतात. कांहीं फांद्या फुटतात, कांहीं थांबून राहतात. फुलें दोन महिनेपर्यंत तुरळक येत राहतात. मग एकाच झाडावर तीन वयांचीं फळें, फवारणीचा मेळ बसत नाहीं, व्यापारी एकदम माल घेत नाहीं आणि रोगास सदैव कोंवळें खाद्य मिळतें. हीच गोष्ट शिवाराची. एका बांधाच्या अलीकडे मृग, पलीकडे हस्त, तर तेल्यास बारा महिने बिऱ्हाड मिळालें. एका ओढ्याच्या दोन्ही कांठांच्या बागाईतदारांनीं बसून एकच बहार ठरविला तर पुष्कळ औषध वांचेल. सोसायटीच्या सभेंत भावाच्या चर्चेबरोबर हीहि चर्चा झाली पाहिजे.

ताण तोडतांना घाई करूं नये. ताणांत बारीक पांढऱ्या मुळ्या पुष्कळ मरून गेलेल्या असतात. ज्या मुळ्यांनीं पाणी प्यावयाचें त्या अजून यावयाच्या असतात. अशा वेळीं आळें तुडुंब भरलें तर जागेवरच्या मुळ्या गुदमरतात. पहिलें पाणी हलकें, दुसरें त्याहून थोडें अधिक, आणि पालवी व कळी दिसूं लागल्यावर नेहमींची पाळी, असा क्रम ठेवावा. छाटणी व खत पहिल्या पाण्याच्या आधीं उरकलेलें असावें. आळें खोल खणून मुळ्या उघड्या पाडण्याची जुनी रीत मोकाट पाण्याच्या बागेस चालून जाई; ठिबकाच्या बागेंत तोटीखालीं कुदळ घालणें म्हणजे झाडाचा संसारच उकरणें होय. फळें लिंबाएवढीं झाल्यानंतर पुन्हां ताण पडूं देऊं नये. कोरडींत सालीची वाढ थांबून ती कडक होते, आणि मागाहून एकदम भरपूर पाणी मिळालें कीं आंतील दाणे फुगतात, साल ताणास पुरत नाहीं, व तडकलेलें फळ बांधावर टाकावें लागतें.